खोट्या काडतुसाची खरी नोकरी

मी एक जुने काडतूस आहे. घाबरू नका, मित्रांनो! मी खोटे काडतूस आहे. माझ्या पोटात दारू नाही, छर्रे नाहीत. अंगठ्याएवढा जाड पितळेचा एक भरीव तुकडा आणि बुडाशी बसवलेली रबराची गोल टिकली, एवढाच माझा देह. बंदूक दुरुस्त करणारे लोक मला नळीत घालतात आणि चाप ओढतात. आतली पिन धावत येते आणि खऱ्या काडतुसाच्या जागी माझ्या पाठीवर आपटते. ‘टक्’ असा आवाज होतो. बाकी काही होत नाही. काही होऊ नये म्हणूनच तर मला बनवले आहे.

माझा जन्म आयर्लंडमधल्या नावन गावी १९७९ साली झाला. तिथे ब्रेंडन फॅगन नावाचे बंदुकांचे कारागीर राहत. घरामागच्या बोळात त्यांचे दुकान होते आणि सरकारी परवाना काचेत घालून भिंतीवर टांगलेला होता. एके दिवशी जवळच्या वाडीवरचा एक शेतकरी आपली दुनळी बंदूक घेऊन आला. बंदूक रिकामी आहे असे समजून त्याने सकाळी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या चाप ओढून पाहिला होता. छताला ताटाएवढे भोक पडले. वरच्या खोलीत त्याची बायको नुकतीच पलंगावरून उठली होती, म्हणून वाचली.

ब्रेंडननी त्याला चहा पाजला. तो गेल्यावर ते लेथपाशी गेले, पितळेची एक कांब लावली आणि संध्याकाळपर्यंत मला घडवले. अंगावर दोन रेघा कोरून त्यात लाल रंग भरला. खऱ्या काडतुसाशी माझी गफलत होऊ नये, म्हणून.

पुढची चाळीस वर्षे मी त्या दुकानात नोकरी केली. किती बंदुका आल्या आणि गेल्या! शेतात कावळे हाकलणाऱ्या, हवेत फेकलेल्या मातीच्या तबकड्या छर्ऱ्यांनी उडवण्याच्या खेळातल्या, आजोबांकडून नातवाकडे आलेल्या. दुरुस्ती झाली की ब्रेंडन आधी मला नळीत घालत. टक्. मग समाधानाने मान हलवत. गिऱ्हाइकाला ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, “माझ्या दुकानातला हा सगळ्यात शहाणा माणूस. जन्मात एकदाही ओरडला नाही.” ते ऐकून मला फार अभिमान वाटे.

मग ब्रेंडनचे डोळे कमजोर झाले. त्यांनी परवाना परत केला, दुकान बंद केले आणि हत्यारे एका लाकडी पेटीत भरली. त्या पेटीत मी दोन वर्षे पडून होतो. बाहेर पाऊस पडायचा, थांबायचा, पुन्हा पडायचा. मला वाटले, आपले आयुष्य संपले.

पण एके दिवशी पेटीचे झाकण उघडले. समोर पस्तिशीची एक मुलगी उभी होती. तिचे नाव इरावती. ती मूळची नागपूरची, शिकायला डब्लिनला आली आणि नोकरी लागली तशी इथेच राहिली. डब्लिनच्या सँट्री भागात एका ऑफिसात दिवसभर कोड लिहायची आणि संध्याकाळी गाडी चालवत नावनला आपल्या छोट्या घरी यायची. तबकड्या उडवण्याच्या क्लबात ती ब्रेंडनना भेटली होती. तिच्या नावावर परवाना होता, एक जुनी दुनळी होती आणि ती ठेवायला भिंतीत बोल्ट मारून बसवलेले पोलादी कपाटही होते. गार्डा, म्हणजे इथले पोलीस, येऊन ते कपाट तपासून गेले होते.

“दिवसभर स्क्रीनवर काम करते,” ती ब्रेंडनना म्हणाली. “संध्याकाळी हाताला लागेल असं काहीतरी हवंय. मला माझी बंदूक स्वतः नीट करायला शिकायचंय.”

ब्रेंडननी पेटी तिच्याकडे सरकवली, पण हात वरून काढला नाही. “लाकूड तुझं,” ते म्हणाले. “घास, तेल लाव, हवं तेवढं चमकव. आतलं पोलाद मात्र परवानेवाल्या कारागिराचं. तिथे हात घालायचा नाही. कबूल?”

“कबूल,” इरावती म्हणाली. आणि त्या दिवशी ती ते मनापासूनच म्हणाली होती.

माझे नवे घर म्हणजे तिच्या परसातली लाकडी शेड. तिथे एक टेबल होते, त्याला जोडलेला, वस्तू घट्ट पकडणारा व्हाइस होता आणि एक छोटा हीटर होता. इरावतीने पहिला हिवाळाभर बंदुकीच्या अक्रोडाच्या दस्त्यावर काम केले. जुने काळे पडलेले पॉलिश तिने हळूहळू उतरवले. बारीक, मग आणखी बारीक काचपेपर मारला. मग तळहाताने जवसाचे तेल चोळले. एक थर, दोन दिवस थांबायचे, पुन्हा एक थर. असे चौदा थर तिने दिले. लाकडाच्या आतले तपकिरी पट्टे पाण्याखालच्या शेवाळासारखे वर आले. शेडमध्ये ती एकटीच गुणगुणायची. ऑफिसातल्या कामाविषयी बोलताना तिचा आवाज असा खुललेला मी कधी ऐकला नाही.

त्या दिवसांत बंदूक जोडली की चाप तपासायला ती दर वेळी मला वापरायची. पण पुढच्या वर्षी तिने टपालाने प्लास्टिकची दोन नवी खोटी काडतुसे मागवली. ती निळी आणि पारदर्शक होती. माझी रवानगी बिस्किटांच्या एका रिकाम्या डब्यात झाली, सुटे स्क्रू, बटणे आणि वाकडे खिळे यांच्या संगतीत. त्या निळ्या काडतुसांपैकीही लवकरच एक फुटले आणि एक हरवले. तोवर इरावतीचा हात बसला होता आणि खोट्या काडतुसाची गरजच तिला वाटेनाशी झाली होती. हात बसला की माणूस सर्वात आधी हेच विसरतो.

त्या मे महिन्यात तिचे बाबा नागपूरहून आले. दीनानाथ त्यांचे नाव. ते नागपूरजवळच्या एका दारूगोळ्याच्या कारखान्यात चौतीस वर्षे तपासनीस होते. तयार झालेला माल त्यांच्या टेबलावर यायचा आणि ते तो पास करायचे किंवा नापास. घरी मात्र कामाविषयी चकार शब्द काढायचे नाहीत. लहानपणी इरावतीला त्यांच्या शर्टाला येणारा तेलाचा वास तेवढा माहीत होता. आपण काय करतो ते बाबांना एकदा दाखवावे, त्यांनी ‘वा’ म्हणावे, ही तिची फार जुनी इच्छा होती.

पहिल्याच दिवशी ती त्यांना शेडमध्ये घेऊन आली. दीनानाथांनी दारातच नाक वर केले.

“जवस?” ते म्हणाले. “बाप्पा, तू इथं चटणी कुटून राहिली का?”

“तेल आहे बाबा, लाकडासाठी.” तिने बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याचे दाखवले आणि दस्ता त्यांच्यासमोर धरला. दीनानाथांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

“परवाना तुह्या नावाचा हाय. मी हात नाही लावत,” ते म्हणाले आणि वाकून बराच वेळ बघत राहिले. “लाकूड चांगलं केलं.”

एवढे शब्द इरावतीला पुरले असते तर पुढचे काही झालेच नसते. पण तिला आणखी हवे होते.

दोन आठवड्यांनी, एका शनिवारी, तिने ब्रेंडनना दिलेला शब्द मोडला. व्हिडिओ पाहून तिने बंदुकीचे कुलूप, म्हणजे चाप आणि पिन चालवणारी आतली यंत्रणा, उघडले आणि चापाच्या आतले पोलाद घासले. चाप हलका व्हावा, नेम चांगला लागावा, म्हणून. काम झाल्यावर तिने त्याचा फोटो क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लगेच अंगठे उमटले. दोघांनी लिहिले, “माझीही करून देशील का?” एक जण तर दुसऱ्या दिवशी, रविवारी, आपली बंदूक क्लबात घेऊन येणार होता.

हे सगळे चालले होते तेव्हा मी बिस्किटांच्या डब्यात होतो. मला ते कळले कसे? दीनानाथांच्या चष्म्याचा स्क्रू पडला म्हणून! नवा स्क्रू शोधत ते शेडमध्ये आले, त्यांनी डबा टेबलावर पालथा केला आणि मी गडगडत त्यांच्या हाताशी आलो. त्यांनी मला उचलले. तळहातावर तोलले. अंगठ्याने माझ्या लाल रेघा चाचपल्या आणि पाठीवरची खड्ड्या-खड्ड्यांची टिकली उजेडात धरली.

“लय नोकरी केली यानं,” ते म्हणाले. “अन् तू याले डब्यात टाकलं?”

“जुनं झालंय ते, बाबा. हे बघा ना तुम्ही.” इरावतीचे डोळे चमकत होते. तिने रिकाम्या बंदुकीचा चाप ओढून दाखवला. “नुसतं बोट टेकलं की झालं. लोण्यासारखा!”

“लोणी भाकरीवर बरं लागते,” दीनानाथ म्हणाले. “चापाले नोको. हे तू केलं?”

“मीच केलं. सगळं मोजून केलंय.”

“अन् आपटून पाह्यलं का?”

इरावती हसली. “बंदूक कोण आपटतं, बाबा?”

“कोणी नाही आपटत. पडते.”

ती जरा रागानेच म्हणाली, “तुम्हाला कधीच काही आवडत नाही. दहावीला शहाण्णव टक्के पडले तर तुम्ही विचारलं, चार कुठे गेले.”

छपरावर पावसाची रिमझिम चालू होती. दीनानाथांनी मला टेबलावर, तिच्यासमोर ठेवले.

“माह्या कामात मले ‘वा’ म्हणायचा पगार नव्हता, इरा,” ते हळू म्हणाले. “‘नाही’ म्हणायचा होता. घरी येऊन ती सवय मोडली नाही. माहं चुकलंच. पण हे एकदा घालून पाह्य. माह्यासाठी.”

इरावतीने मला उचलले. तिच्या बोटांना अजून तेल होते. तिने मला उजव्या नळीत घातले आणि बंदूक बंद केली. काही झाले नाही. तिने बाबांकडे पाहिले. पाहा, असे तिचे डोळे म्हणत होते. मग तिने बंदूक उभी धरली आणि जमिनीवरच्या रबरी चटईवर दस्ता जरासा आपटला. काही झाले नाही.

“अजून एकदा,” दीनानाथ म्हणाले.

तिने पुन्हा आपटला. जोरात नव्हे. मोटारीच्या डिकीत ठेवताना लागावा, तेवढाच धक्का.

टक्.

चापाला कोणीही बोट लावले नव्हते. पिन आपोआप सुटली आणि माझ्या पाठीत बसली. चाळीस वर्षांत मी हजारो वेळा हा मार खाल्ला होता, पण न विचारता आलेला हा पहिलाच.

इरावतीने बंदूक उघडली, आतली पिन पुन्हा सज्ज झाली, आणि क्लबात नेहमी करायची तशी तिने ती खटकन बंद केली.

टक्.

आता तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तिने बंदूक उघडून मला बाहेर काढले, दोन्ही नळ्या डोळ्यांनी तपासल्या, बंदूक कपाटात ठेवली आणि किल्ली फिरवली. मग ती स्टुलावर बसली. मी तिच्या मुठीत होतो.

“उद्या कोणी सोबत येणार होतं का?” दीनानाथांनी विचारले.

“कौमुदी,” ती म्हणाली. कौमुदी म्हणजे पुण्याहून शिकायला आलेली तिची मैत्रीण. क्लबातल्या लोकांच्या देखरेखीखाली ती पहिल्यांदाच तबकडी उडवून पाहणार होती. “मी हीच बंदूक तिच्या हातात देणार होते, बाबा. खरं काडतूस घालून. तिच्या हातातून तर चहाचा कपसुद्धा निसटतो...”

दीनानाथ तिच्याजवळ आले. या वेळी त्यांचे हात पाठीमागे नव्हते. एक हात त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवला.

“काही झालं नाही,” ते म्हणाले. “ऐकून राहिली का? काही झालं नाही.”

मग ती रडली. पण मित्रांनो, ते रडणे दुःखाचे नव्हते. पुरात वाहून गेलेले मूल काठावर सापडल्यावर आई रडते ना, तसे ते होते. रडून झाल्यावर ती हसली, नाक पुसले आणि म्हणाली, “देवा, वाचलो!”

अवघड काम मात्र अजून बाकी होते. ग्रुपवर तो फोटो अजून तसाच होता आणि त्याखाली अंगठे वाढत होते. इरावतीने फोन हातात घेतला, लिहिले, पुसले, पुन्हा लिहिले. शेवटी तिने इंग्रजीत जे पाठवले, ते तिने बाबांना मराठीत वाचून दाखवले: “मी सकाळी टाकलेलं काम चुकीचं आणि धोकादायक आहे. बंदूक चाप न ओढता सुटते. ते काम करण्याचा मला अधिकार नव्हता. कोणीही असं करू नका आणि माझ्याकडे काही आणू नका. उद्या मी बंदूक आणणार नाही.”

“पाठवू?” तिने विचारले.

“पास,” दीनानाथ म्हणाले.

पुढची पाच मिनिटे इरावतीला पाच तासांसारखी गेली. मग क्लबच्या चिटणीसबाईंचे उत्तर आले: ‘फेअर प्ले टू यू, इरा.’ म्हणजे शाब्बास! त्यामागोमाग बंदूक आणणार होता त्याचे आले: ‘मी आज रात्री व्हिडिओ बघून सुरुवात करणारच होतो. थँक्स. आता स्क्रू ड्रायव्हर प्रेसमध्ये ठेवून दिलाय.’ इकडे कपाटाला प्रेस म्हणतात. इरावती ते वाचून मोठ्याने हसली आणि दीनानाथांना का हसली ते समजावून सांगता सांगता पुन्हा हसली.

रविवारी ती बाबांना घेऊन ब्रेंडनकडे गेली. मला तिने कोटाच्या खिशात नेले होते. तिने काहीही न लपवता सारे सांगितले, मान खाली घालून. ब्रेंडन आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “कोणाला लागलं का?”

“नाही.”

“मग ग्रँड,” ते म्हणाले आणि किटली चालू केली. इकडे ‘छान, ठीक आहे’ला ग्रँड म्हणतात.

थोड्या वेळाने त्यांनी केल्स गावातल्या ओर्ला नावाच्या परवानेवाल्या कारागीर बाईचा नंबर कागदावर लिहून दिला. “तिला खरं खरं सांग, काय काय घासलंस ते. कारागिराला खोटं सांगितलं की बंदूक पुढच्या माणसाला खरं सांगते.” मग मला हातात घेऊन ते दीनानाथांकडे वळले. एक इंग्रजीत बोलत होते, दुसरे अर्धे इंग्रजीत आणि अर्धे वऱ्हाडीत. माझ्या पाठीवरची टिकली किती झिजली आहे, यावर मात्र दोघांचे ताबडतोब एकमत झाले. ब्रेंडननी थरथरत्या हातांनी, दीनानाथांनी चिमट्यात धरून, दोघांनी मिळून मला नवे रबर बसवले. चाळीसहून जास्त वर्षांनी मला नवी पाठ मिळाली!

ओर्लाने आतले भाग बदलून तीन आठवड्यांनी बंदूक परत केली. इरावतीने तिला आधी सगळे सांगितले होते, म्हणून ओर्लाने तिला रागावण्याऐवजी काय बिघडले होते ते उघडून दाखवले. इरावतीने छंद सोडला नाही. क्लबातल्या लोकांचे जुने, तडकलेले दस्ते ती आता घासून, तेल पाजून चमकवते. ते दस्ते मालक आपल्या बंदुकीपासून वेगळे करूनच तिच्याकडे आणतात. आतल्या पोलादासाठी ती सर्वांना केल्सचा रस्ता दाखवते. तिच्या शेडमध्ये पुन्हा गुणगुणणे ऐकू येते.

आणि मी? मी आता रविवारी क्लबात असतो. नवीन माणूस आला की त्याच्या हातात आधी मीच जातो. परवा कौमुदी आली. तिने मला नळीत घातले, बंदूक बंद केली, नेम धरला, चाप ओढला. टक्. “हे काय, काहीच झालं नाही!” ती जरा हिरमुसून म्हणाली. इरावती म्हणाली, “हो ना! किती छान.”

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. कुठेही बंदूक दिसली तर तिला हात लावू नका. ती रिकामी आहे असे कोणी कितीही सांगितले, तरी ती भरलेलीच आहे असे समजा आणि मोठ्या माणसाला बोलवा. जे काम आपल्याला येत नाही, ते येत नाही म्हणायला लाजू नका. चूक झाली तर जिथे फोटो टाकून मिरवलो, तिथेच ती सांगा. आणि तुमच्या घरीही असे कोणीतरी असेल, जे गॅस बंद आहे का ते दोनदा बघते, रस्ता ओलांडताना उगाच हात धरते, निघताना शंभर प्रश्न विचारते. त्यांचा कंटाळा करू नका, त्यांना डब्यात टाकू नका. त्यांच्यामुळे जे घडत नाही, ते कोणालाच दिसत नाही. म्हणून आज घरी गेल्यावर त्यांच्याजवळ बसा आणि त्यांना सांगा, आज काही झाले नाही.